खानविलकरकाका आणि फोनमधल्या बाई

परवा मनवेलपाड्याच्या नाक्यावर एका माणसाने गाडीची काच खाली करून मला कुठल्याशा सोसायटीचा पत्ता विचारला. मला तो ठाऊक नव्हता. 'माहीत नाही हो,' असं म्हणून मी पुढे निघाले आणि जरा अंतर गेल्यावर थबकले. ह्याच नाक्यावर रोज संध्याकाळी खानविलकरकाका उभे असायचे, आणि त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द बाहेर पडलेले कुणी ऐकले नव्हते. काकांना जाऊन आता वर्ष होईल.

काका आणि सुनंदाकाकू आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मधल्या जिन्यावर दोन्ही घरांच्या चपला एकमेकींत मिसळलेल्या. मूळचे चिपळूणकडचे, मग गिरगाव, आणि मुलगी शाळेत असताना विरारला आलेले. काकांनी सगळी नोकरी एका औषध कंपनीच्या डिस्पॅच विभागात केली. म्हणजे खोकी देशभर बिनचूक पाठवणं हे त्यांचं काम. खोक्यांवर पत्ते लिहिलेले असायचे म्हणून ती पोहोचत, असं काकू म्हणायच्या. कारण स्वतः काकांना दिशा म्हणून कळत नसे. स्टेशनवरून घरी येण्याचा एक रस्ता त्यांना पाठ होता, तो कधी खणून ठेवलेला असला की ते थेट काकूंना फोन करत.

आता ज्याला रस्ते कळत नाहीत त्याने निदान गप्प राहावं. पण काकांचा स्वभाव तसा नव्हता. कुणी पत्ता विचारायला थांबला की त्यांचा चेहरा उजळायचा. चष्मा सारखा करत, एकदा आकाशाकडे बघत आणि मग हात लांब करून सांगत, "सरळ जायचं. पुढे गेलं की दिसतंच." हा 'सरळ' कधी फुलपाड्याकडे जायचा, कधी विरार फाट्याकडे, तर कधी नुसता नाल्याकडे. त्यात लबाडी अजिबात नव्हती. दारात आलेल्या माणसाला जसं पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तसं रस्ता विचारणाऱ्याला काहीतरी दिल्याशिवाय पाठवायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. नाक्यावरचे रिक्षावाले मग गंमत करायचे. काकांनी डावीकडे हात केला की ते त्या माणसाला गुपचूप उजवीकडे पाठवत.

एकदा मात्र रिक्षावाले जेवायला गेले होते आणि साताऱ्याकडून आलेली वऱ्हाडाची मिनीबस काकांच्या पुढ्यात थांबली. त्यांनी हॉलचं नाव विचारलं. काकांनी हात लांब केला. ती बस दुसऱ्याच हॉलला जाऊन पोहोचली. तिथेही लग्न होतं, तिथलेही लोक वऱ्हाडाचीच वाट बघत होते. त्यांनी ह्या मंडळींवर गुलाबपाणी शिंपडलं, आत नेऊन बसवलं, कांदेपोहे आणि चहा दिला. कुणीतरी नवरदेवाचं नाव मोठ्याने घेतलं तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर पोह्यांची दुसरी फेरी चालू होती. खऱ्या हॉलमध्ये नवरीकडच्यांचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा मामा नाक्यावर काकांना शोधत आला. काकांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न लागलं ना वेळेवर?" मामा म्हणाला, लागलं कसंबसं. "आणि नाश्ता झालेला होता," काका म्हणाले. शेवटी मामाच काकांकडे चहा पिऊन गेला.

काकांकडे एक राखाडी स्कूटर होती आणि ती स्कूटर खरं तर काकू चालवायच्या, मागे बसून. त्यांची एक पद्धत होती. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर थाप म्हणजे उजवीकडे, दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांबा. थाप न देता नुसता चिमटा आला तर आपण चुकीच्या वाटेने बरेच पुढे आलो आहोत असं काकांनी समजायचं. अशी त्यांनी वसईची सगळी लग्नं, बारशी, दिवसकार्यं गाठली. काकांना वाटे की आपल्याला रस्ते येतात.

मग काकूंच्या गुडघ्याने मान टाकली. ऑपरेशन झालं, विरार पश्चिमेच्या एका हॉस्पिटलात. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापाशी बसले होते आणि काका घरून डबा आणायला गेले. स्कूटरवर मागे कुणी नसताना ते आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाले असावेत. दुपार उलटली तरी पत्ता नाही. फोन उचलेनात. शेवटी आले, डबा गार झालेला, आणि दुसऱ्या हातात केळफूल.

काकूंनी केळफुलाकडे बघितलं. कुठून आणलंत, असं विचारलं.

"वाटेत अर्नाळा लागलं," काका म्हणाले.

"विरार पूर्वेहून पश्चिमेला येताना अर्नाळा लागत नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता पुष्कळ आठवडे जिना उतरायचा नाही. औषधं आणणं, रिपोर्ट आणणं, बँक, सगळं काकांवर आलं. पुण्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, आता तो बटणांचा फोन सोडा. रस्ता दाखवणारा घ्या." काका म्हणाले, मला रस्ता दाखवायची काय गरज. पण दुसऱ्याच दिवशी ते रिपोर्ट आणायला गेले आणि भलत्याच लॅबमध्ये बराच वेळ भांडून आले, तेव्हा त्यांनी माझं दार वाजवलं. माझ्या हातात सदा फोन असतो, म्हणून मी त्यातली जाणकार आहे असा त्यांचा समज होता. मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेम बघते. पण मी त्यांच्याबरोबर गेले.

आम्ही तीन रविवार फोन बघितले. दहा हजाराच्या आत बसायला हवा, एवढीच अट मला कळण्यासारखी होती. बाकीच्या अटी काका दुकानात शिरल्यावर तयार करत. पहिल्या दुकानात त्यांनी विचारलं, "ह्याला विरार येतं का?" तिथला विक्रेता म्हणाला, "अंकल, पूरा इंडिया आता है." काका म्हणाले, इंडिया नको, विरार येतं का ते सांगा. दुसऱ्या दुकानात त्यांना कुणीतरी सांगितलं की नकाशा सगळ्या फोनमध्ये एकच असतो. हे त्यांना मुळीच पटलं नाही. एकच नकाशा असेल तर फोनांचे भाव वेगळे कसे, ह्यावर ते तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मतं विचारत फिरले.

तिसऱ्या दुकानात निकिता भेटली. दुकानाचा टी-शर्ट घातलेली, विरारचीच मुलगी, आणि देवाने तिला संयम दिला होता. तिने काकांना स्टुलावर बसवून सांगितलं की नकाशा एकच असला तरी फोन वेगळे असतात. काही फोन उपग्रह लवकर पकडतात, काही घुटमळतात. काहींचा पडदा उन्हात काळाठिक्कर दिसतो. नकाशा चालू ठेवला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून बॅटरी मोठी हवी. "आणि काका, स्वस्तातल्या पुष्कळ फोनमध्ये होकायंत्रच नसतं. म्हणजे तुम्ही एका जागी उभे असलात ना, तर तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते त्याला समजत नाही. चालायला लागलात की समजतं."

हे काकांना फार आवडलं. घरी आल्या आल्या त्यांनी ते काकूंना सांगितलं, की स्वस्त फोनला उभं असताना दिशा कळत नाही, चालायला लागल्यावर कळते.

"तुम्हाला चालायला लागल्यावरही कळत नाही," काकू पलंगावरून म्हणाल्या. "तेव्हा जरा महागातला घ्या."

निकिताने दाखवलेला प्रत्येक फोन काकांनी दुकानाबाहेर उन्हात नेऊन तपासला. ते पुढे, हातात फोन, आणि मागे निकिता, मालकाने पाठवलेली, कारण काका बोलत बोलत गल्लीच्या टोकाला पोहोचले की परत येतीलच असं मालकाला वाटेना. आवाजाची तपासणी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. फोन शर्टाच्या खिशात ठेवून, डोक्यात हेल्मेट घालून, त्याची काच बंद करून ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि निकिताला म्हणाले, आता त्याला बोलू दे. फोन बोलला. काकांना ऐकू आलं नाही. दुसरा बोलला. तोही नाही. तिसऱ्याने छातीतून असा काही आवाज दिला की शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. काकांनी हेल्मेट काढलं आणि तोच फोन घेतला. निघताना निकिताने अख्खा वसई तालुका फोनमध्ये उतरवून दिला, म्हणजे नेटवर्क नसलं तरी नकाशा दिसेल. तो आठवडाभर काका भेटेल त्याला शर्टाच्या खिशावर हात ठेवून सांगत होते, "तालुका इथे आहे."

फोनमधला आवाज बाईचा होता आणि मराठीत बोलायचा. काका त्यांना 'बाई' म्हणत. स्कूटरवर त्यांना उत्तरं देत. सिग्नलला शेजारी उभे राहिलेले लोक बघायचे, की हेल्मेट घातलेला म्हातारा स्वतःच्या खिशाला 'हो बाई, वळतो, जरा हा ट्रक जाऊ दे' असं सांगतोय. सुरुवातीला काका त्यांच्याशी वाद घालत. बाई डावीकडे म्हणाल्या की उजवीकडे जात, मग काय होतं ते बघायला. आणि त्यातच त्यांना बाईंचा मोठेपणा कळला. एका संध्याकाळी माझ्यासमोरच ते काकूंना सांगत होते, "चुकलो तर एक शब्द बोलत नाही. रागावत नाही, काही नाही. लगेच तिथून नवा रस्ता काढून देते."

काकू मान खाली घालून पालक निवडत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, त्या बाईचा आवाज पुरुषाचा करता येतो का. मी म्हटलं, बघते. काका गुपचूप मला मानेने नको नको करत होते.

ह्याच सुमारास कातरीनमावशीची बातमी आली.

कॅथरीन हे तिचं नाव, पण आमच्या इमारतीत सगळे कातरीनमावशी म्हणत. ती वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरची कोळीण. वर्षानुवर्षं पाटी घेऊन आमच्या फाटकाशी यायची. बाकीच्यांना मासे विकून झाले की तिसरा मजला चढून काकूंकडे यायची, चहा घ्यायची, भिंतीला टेकून पाय पसरून बसायची. दोघी काय बोलत ते मला समोरच्या घरात ऐकू यायचं, आणि बहुतेक वेळा ते भांडण वाटायचं. चिपळूणची कालवणं बरी की पाचूबंदरची, ह्यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. मग तिचेही गुडघे गेले आणि ती यायची थांबली. तिच्याकडे फोन नव्हता.

तिच्या गल्लीतली दुसरी एक बाई आठवड्यातून एकदा मासे घेऊन येई. तिने फाटकाशी मला सांगितलं की कातरीनला तिची मुलगी नाशिकला कायमची घेऊन चाललीय. रविवारची चर्चमधली मिस्सा झाली की निघणार. मी वर जाऊन काकूंना सांगितलं. काकू उठून उभ्या राहायला लागल्या. मी त्यांना बसवलं. जिना उतरता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या नुसत्या आपल्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिल्या. मासेवाली परत येईपर्यंत कातरीन निघून गेलेली असणार होती.

काका खिडकीत उभे होते. ते म्हणाले, "मी जातो. मी तिला फोनवर दाखवतो तुला. समोरासमोर बोला दोघी."

मी म्हटलं, शनिवारी मला सुट्टी आहे, मी येते बरोबर. काकांना ते लागलं. मग फोन कशाला घेतलाय, असं त्यांनी मला विचारलं. मी काकूंकडे बघितलं. इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी असून काकू म्हणाल्या, "जाऊ दे ह्यांनाच."

शुक्रवारी सकाळी काका निघाले. पुढचं सगळं मला काकूंकडून आणि नंतर काकांकडून, दोन निरनिराळ्या पद्धतींनी कळलं. झालं असं, की आदल्या आठवड्यात काकांनी बाईंची परीक्षा घ्यायला चांदीपपर्यंत जायचं ठरवलं होतं आणि मग उन्हाला कंटाळून बेत सोडला होता. ते चांदीप फोनमध्ये राहिलं होतं. पाचूबंदर म्हणून त्यांनी ज्यावर बोट ठेवलं ते चांदीप होतं. एक गाव समुद्रावर, दुसरं डोंगराच्या पायथ्याशी. पण ह्या वेळी काकांनी मनाशी ठरवलं होतं की बाईंच्या शब्दाबाहेर जायचं नाही. बाईंनी महामार्ग ओलांडायला सांगितला, त्यांनी ओलांडला. समोर डोंगर मोठा होत चालला, दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, बैल, पेंढ्याचे भारे. काका समुद्र शोधत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी काकूंना फोन केला.

"अजून दिसत नाही," ते म्हणाले. "ओहोटी असावी."

काकूंनी विचारलं, आजूबाजूला काय दिसतंय. काकांनी बैल सांगितले. काकूंनी फोन उशीवर ठेवला आणि हसू लागल्या. हसल्यावर गुडघ्यात कळ येते म्हणून मग तोंडात पदराचा बोळा धरून हसल्या.

तिकडे बाई म्हणाल्या, आपण पोहोचला आहात. काका स्कूटर लावून शेताच्या बांधावर उभे राहिले. कापणी करणारी एक म्हातारी विळा खाली ठेवून आली. कोनाकडं आलाव, असं तिने विचारलं. काकांनी तिला समुद्र विचारला.

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "समुद्र नाय इथं," ती म्हणाली. "पानी पायजे तर विहिरीचं हाय."

काका विहिरीचं पाणी प्यायले. त्यांनी तिथे भाकरी खाल्ली. निघताना म्हातारीने त्यांच्या पिशवीत काकड्या आणि शिराळी भरून दिली. दुपारी ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. पिशवी ओट्यावर ठेवून ते काकूंच्या पायाशी बसले. काकूंनी हसण्याची सगळी तयारी केली होती, पण त्यांचा चेहरा बघून त्यांनी फक्त शिराळी कोवळी आहेत का ते विचारलं.

शनिवारी सकाळी मी स्वतः फोनमध्ये पाचूबंदर घालून दिलं. काकांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. ते गेल्यावर मी काकूंच्या पलंगाशी माझा फोन घेऊन बसले. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि केसांत अबोली माळली होती. बराच वेळ गेला. चहा झाला. काकू घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, वसईच्या किल्ल्यापर्यंत तरी पोहोचले असतील.

ते पाचूबंदरला पोहोचले होते. बाईंनी त्यांना गावाच्या तोंडाशी, एका क्रुसापाशी नेऊन सोडलं, आपण पोहोचला आहात असं सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. समोर अरुंद गल्ल्या, सगळीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, घरांना घरं चिकटलेली. काका खिशाशी बोलले. खिसा बोलेना. आता विचारण्यावाचून इलाज नव्हता, आणि विचारायची काकांना सवय नव्हती. जन्मभर लोकांनी त्यांना विचारलं होतं. जाळं शिवत बसलेल्या एका माणसापाशी जाऊन त्यांनी घसा साफ केला आणि कातरीनचं घर विचारलं. तो म्हणाला, कंची कातरीन, चार हायत. काकांनी गुडघे सांगितले. "मंग ती. सरल जा. लाल होडी उभी हाय, तिथून वला."

काका सरळ गेले. लाल होडी कुठेच नव्हती. निळ्या होत्या, हिरव्या होत्या. ते किनाऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होडी शोधत फिरले. शेवटी कुणीतरी सांगितलं की ती मासेमारीला गेली, सांजच्याला येईल. काका तिथेच उभे राहिले. डोक्यात हेल्मेट, हातात फोन, उन्हाने घामाघूम. बाजूला काही बायका मासे निवडत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, काय पायजे. आणि काकांनी मला नंतर सांगितलं की त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बाई, मला रस्ता माहीत नाही."

ती बाई उठली. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला, मीच येतं." दोन गल्ल्या ओलांडून तिने त्यांना कातरीनच्या ओटीवर नेऊन उभं केलं, हाक मारली, आणि कातरीन बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

इकडे माझा फोन वाजला. आधी शर्टाचं एक बटण दिसलं. मग आभाळ. मग हेल्मेट, उलटं. काकू म्हणाल्या, फोन फिरवा, आणि काका स्वतः फिरले. शेवटी मागून कुणीतरी फोन हातात घेऊन नीट धरला आणि कातरीनमावशीचा चेहरा समोर आला. केस सगळे पांढरे झाले होते. गळ्यात जपमाळ. ती फोनच्या फार जवळ आली होती, त्यामुळे आम्हाला बहुतेक नाक आणि एक डोळाच दिसत होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आवाज गेला, म्हणून मी बटणं बघू लागले. काकूंनी माझा हात बाजूला केला.

मग कातरीन म्हणाली, "पाय बरा हाय?"

काकू म्हणाल्या, बरा आहे. तुझा? ती म्हणाली, मी नाय कापून घेत. मग काकूंनी विचारलं, नाशिकला मासे कुठले मिळणार तुला. आणि कातरीनने जी सुरुवात केली, की तिथलं मासं म्हणजे बरफातलं, त्याला ना वास ना चव, तुमच्या चिपळूणच्या कालवणासारखं. काकूंनी उशी पाठीशी सरकवली आणि त्या भांडायला बसल्या. तासभर भांडल्या. मधे कातरीनने तिची सून दाखवली, बांधलेली ट्रंक दाखवली, वाळत घातलेले बोंबील दाखवले. काकू म्हणाल्या, समुद्र दाखव. तेव्हा काकांना फोन धरून किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागलं, मागून काठी टेकत कातरीन. आम्हाला काकांच्या अंगठ्याच्या बाजूने थोडा समुद्र दिसला. निरोप घेताना दोघींतली एकही रडली नाही. फोन बंद झाल्यावर काकूंनी मला पंखा वाढवायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

त्या दिवसापासून काका नाक्यावर हात लांब करेनासे झाले. कुणी पत्ता विचारला की ते म्हणत, "चला, मीच येतो," आणि फोन काढून त्याच्याबरोबर चालू लागत. मला ते म्हणाले होते, "नुसता हात दाखवून भागत नाही, वैशाली. माणूस तिथे पोहोचेपर्यंत त्याला धीर नसतो." हे फारच खरं होतं, पण त्यामुळे आता दोन माणसं हरवू लागली. एकदा लेकराला कडेवर घेतलेल्या एका बाईला तिच्या नणंदेकडे पोहोचवायला ते निघाले आणि संध्याकाळ होत आली तरी परतले नाहीत. काकूंनी मला गच्चीवरून बघायला सांगितलं. काका येताना दिसले ते कडेवर ते लेकरू घेऊन, शेजारून ती बाई बिस्किटं खात चाललेली. घर सापडलं नव्हतं. काकूंनी त्या बाईला जेवू घातलं, तिच्या नणंदेला फोन लावला आणि ती नणंद येऊन दोघांना घेऊन गेली. काकांनी फोनमधल्या बाईंना दोष दिला नाही. बाईंना नणंदेचं नाव सांगायचं राहून गेलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

नाताळात कातरीनमावशी आठ दिवसांसाठी पाचूबंदरला मुलाकडे आली आणि तिने आम्हा तिघांना बोलावलं. काकू तोवर काठी घेऊन चालू लागल्या होत्या. आम्ही रिक्षाने गेलो. गल्लीत चांदण्या लटकवलेल्या, प्रत्येक ओटीवर बाळ येशूची गव्हाणी मांडलेली. कातरीनने तांदळाची भाकरी, कालवण, वर नारळाचा केक असं सगळं पुढे ठेवलं. काकूंनी कालवणाची चव घेतली आणि काहीच न बोलता आणखी वाढून घेतलं. कातरीनने ते बघितलं आणि पातेलंच त्यांच्याजवळ सरकवलं.

उन्हं कलल्यावर काकूंच्या मनात आलं की नवा गुडघा पाण्यात भिजवायचा. मी नको म्हणत होते. कातरीनने त्यांचा दंड धरला आणि दोघी म्हाताऱ्या पाय ओढत ओल्या वाळूतून निघाल्या, चपला काठावर टाकून. होड्या परतायला लागल्या होत्या. दोघी घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, मग आणखी थोड्या आत. काकू साडी वर धरून काहीतरी सांगत होत्या आणि कातरीन नकाराची मान हलवत होती.

पुढे काही दिवसांनी माझी बदली झाली आणि मी विरार सोडलं. परत आले तेव्हा काका नव्हते. म्हणून त्यांची आठवण आली की मला तीच संध्याकाळ दिसते. काका त्या दोघींच्या मागे थोड्या अंतरावर उभे आहेत, एका हातात काकूंची काठी, दुसऱ्या हातात दोघींच्या चपला. लाट आली की काकूंचा तोल जरा हलतो, आणि तो सावरेपर्यंत काका श्वास रोखून पुढे झुकतात. भरती चढत होती. पाणी त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांत शिरत होतं, पँट पोटरीपर्यंत भिजली होती. मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता चपलांचा हात किंचित वर केला, थांब म्हणून, आणि तसेच काकूंच्या पायांकडे बघत राहिले.